आधी कच्चं, मग पक्कं : चीनवरचा एक अभ्यास आणि आपली कुदळवाडी

(पिंपळे गुरव इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आज मला चीनवर बोलायला सांगितलं आहे. पण सुरुवात मी पिंपळे गुरवपासूनच करतो. आत्ता ज्या गल्लीतून आपण सगळे आलो, तिथली घरं आठवा. खाली दुकान किंवा पिठाची गिरणी, वर दोन-तीन खोल्यांत भाडेकरू, सगळ्यात वर मालक. यातली बरीचशी घरं एक-दोन गुंठ्यांवर उभी आहेत. माझे अब्बा भोसरीत टर्नर होते. त्यांनी असाच एक गुंठा घेतला. व्यवहार स्टॅम्प पेपरवर झाला, नोटरीचा शिक्का बसला, सातबाऱ्यावर नाव काही लागलं नाही. बांधकामाची परवानगी नव्हती. तरी घर झालं. आम्ही भावंडं त्याच घरात शिकलो आणि वरच्या खोलीच्या भाड्यावर बहिणीची फी भरली गेली.

कायद्याच्या नजरेनं हे सगळं चुकीचं होतं. पण या शहरातले हजारो कामगार असेच स्थिरावले. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्रात गुंठेवारीचा कायदा झाला. शुल्क भरा, नकाशा द्या, घर नियमित करून घ्या, असं सरकारनं सांगितलं. २०२१ मध्ये कायदा बदलून २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांनाही ती सोय दिली गेली. म्हणजे घरं आधी आली आणि कायदा त्यांच्या मागून आला. हे डोक्यात ठेवा, आता चीनकडे जाऊ.

युएन युएन आंग नावाच्या एक राज्यशास्त्रज्ञ आहेत. जन्म सिंगापूरचा, डॉक्टरेट अमेरिकेतल्या स्टॅनफर्डची, बरीच वर्षं मिशिगन विद्यापीठात होत्या, आता जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आहेत. चीनच्या कारभारावर त्यांची दोन पुस्तकं गाजली. पहिलं २०१६ चं, 'हाऊ चायना एस्केप्ड द पॉव्हर्टी ट्रॅप', म्हणजे चीन गरिबीच्या सापळ्यातून सुटला कसा. दुसरं २०२० चं, 'चायनाज गिल्डेड एज', ते भ्रष्टाचारावर आहे. फक्त आकडेवारी पाहून त्या थांबल्या नाहीत. चीनच्या जिल्ह्या-तालुक्यांतले अधिकारी आणि उद्योजक यांच्याशी त्यांनी शेकडो मुलाखती केल्या.

त्यांचा प्रश्न साधा आहे. १९८० च्या सुमाराला चीनचं दरडोई उत्पन्न बांगलादेश, चाड, मलावी यांच्यापेक्षाही कमी होतं. मग चाळीस वर्षांत, जागतिक बँकेच्या हिशेबाने, तिथले जवळपास ८० कोटी लोक अत्यंत गरिबीतून बाहेर कसे आले?

या प्रश्नाला जगभरात दोन ठरीव उत्तरं होती. एक उत्तर आंतरराष्ट्रीय संस्थांचं. आधी कारभार सुधारा, मालमत्तेचे हक्क पक्के करा, कोर्ट नीट चालवा, भ्रष्टाचार संपवा, मग विकास होईल. दुसरं उत्तर होतं, आधी पैसा येऊ द्या, मग कारभार आपोआप सुधारेल. आंग म्हणतात, हे कोंबडी आधी की अंडं आधी असं भांडण आहे. गरीब देशाकडे पैसा नसतो म्हणून चांगला कारभार नसतो, आणि चांगला कारभार नसतो म्हणून पैसा येत नाही. मग सुरुवात करायची कुठून?

त्यांचं उत्तर असं : हाताशी जे आहे त्यापासून, ते कच्चं असलं तरी. त्यांनी तीन पायऱ्या दाखवल्या. पहिल्या पायरीवर कच्च्या, अर्धवट व्यवस्थाच वापरून बाजार उभा राहतो. दुसऱ्या पायरीवर वाढलेला बाजार त्या व्यवस्थांना बदलायला लावतो. आणि तिसऱ्या पायरीवर पक्के नियम येतात, जे बाजार टिकवून धरतात. त्यांचा मुद्दा हा की बाजार उभा करणारी व्यवस्था आणि बाजार टिकवणारी व्यवस्था वेगवेगळी असते. श्रीमंत देशाची नियमावली गरीब देशावर पहिल्याच दिवशी लादली, तर धंदा सुरूच होत नाही.

उदाहरण देतो. ऐंशीच्या दशकात चीनमध्ये खासगी माणसाला सातपेक्षा जास्त कामगार ठेवायची मुभा नव्हती. मग लोकांनी काय केलं? कारखाना स्वतःचा, पण नोंद गावाच्या सामूहिक उद्योगाच्या नावावर. तिकडे त्याला 'लाल टोपी घालणं' म्हणत. अधिकाऱ्यांना माहीत होतं, पण गावात रोजगार येत होता, म्हणून ते कानाडोळा करत. १९८८ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून खासगी उद्योगाला जागा दिली. खासगी मालमत्तेचं संरक्षण घटनेत आलं २००४ मध्ये, आणि मालमत्तेचा सविस्तर कायदा झाला २००७ मध्ये. तोवर चीन जगाचा कारखाना झाला होता. तिकडेही कायदा मागून आला.

दुसरं उदाहरण आपल्याला गंमतशीर वाटेल. सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी प्रत्येक सरकारी खात्याला गुंतवणूकदार आणायचं काम दिलं होतं. ज्या खात्याचा उद्योगाशी काडीचा संबंध नाही, त्यालाही. कुणाचा चुलतभाऊ हाँगकाँगला आहे, कुणाचा वर्गमित्र कारखाना काढतोय, त्याला आपल्या गावी घेऊन या. आंग याला मधमाश्यांच्या पोळ्याची उपमा देतात. वशिला आणि नातीगोती आपण दोष मानतो, पण त्या टप्प्यावर त्याच गोष्टी कामाला आल्या. पुढे गाव श्रीमंत झालं तेव्हा ही पद्धत त्रासाची ठरली. कुठलाही कारखाना उचलून आणायचा म्हणजे प्रदूषणही आलं. मग ती पद्धत सोडून त्या कामासाठी वेगळं तज्ज्ञ खातं नेमलं गेलं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुगाड करा आणि कायद्याकडे बघू नका, असंच ना? नाही. इथे आंग यांची दुसरी कल्पना महत्त्वाची आहे. तिला मराठीत मी 'दिशा देऊन दिलेली मोकळीक' म्हणेन. बीजिंगहून खाली येणाऱ्या आदेशांचे त्यांनी तीन रंग सांगितले. लाल म्हणजे हे करायचंच नाही. काळा म्हणजे हे करा, यात संदिग्धता नाही. आणि करडा म्हणजे मुद्दाम अस्पष्ट ठेवलेला आदेश : करून बघा, जमलं तर आम्ही पुढे मान्यता देऊ. खालच्या अधिकाऱ्याची बढती कामगिरीच्या गुणांवर ठरायची. त्यामुळे करड्या जागेत प्रयोग करायला त्याला कारण होतं. माओच्या काळात, १९५८ नंतरच्या 'मोठ्या झेपे'त, खालून खोटे आकडे वर जात राहिले आणि दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. १९७८ नंतर फरक पडला तो इथे. काय चालतंय आणि काय चालत नाही, हे वर कळवायची सोय झाली.

आपल्या शहराकडे याच चष्म्यातून बघा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी, चिंचवड, पिंपरीच्या माळावर प्लॉट पडले. टेल्को आली, बजाज आली. मोठ्या कंपनीला सरकारनं जमीन, पाणी, वीज, रस्ता दिला. तिच्याकडे येणाऱ्या कामगाराच्या घराची सोय मात्र पुरेशी केली नाही. ती त्याची त्यानं केली, गुंठ्यावर. कंपनीला लागणारे छोटे सुटे भाग पत्र्याच्या शेडमधल्या लेथवर तयार झाले. आणि महापालिका? १९८२ पासून तिचं मोठं उत्पन्न जकातीचं. आपली जकात नव्हे, नाक्यावरची जकात. शहरात माल जितका येईल तितका पैसा. म्हणजे उद्योग वाढण्यात पालिकेचाही फायदा होता. २०१३ मध्ये ती जकात गेली, एलबीटी आला, मग २०१७ मध्ये जीएसटी. पण तोवर शहर उभं राहिलं होतं. पक्क्या कारखान्यांच्या आजूबाजूला कच्ची घरं आणि कच्च्या शेड, असंच आपलं शहर वाढलं.

आंग यांचं दुसरं पुस्तक थोडक्यात सांगतो, कारण तिथे बुलडोझर आहे. त्या भ्रष्टाचाराचे चार प्रकार करतात. पहिला, खालच्या माणसाची किरकोळ लूट, जसा हप्ता. दुसरा, वरच्या माणसानं तिजोरीच लुटणं. तिसरा, काम लवकर व्हावं म्हणून दिलेली चिरीमिरी. चौथा, मोठ्या माणसाला दिलेला वाटा, ज्याच्या बदल्यात जमीन, कंत्राट किंवा परवाना पदरात पडतो. पहिले दोन विषासारखे. तिसरा दुखणं दाबणाऱ्या गोळीसारखा. आणि चौथा स्टेरॉइडसारखा : शरीर फुगतं, ताकद आल्यासारखी वाटते, आतून मात्र बिघाड साठत जातो. चीननं पहिले दोन प्रकार बऱ्यापैकी आवरले, चौथा मात्र वाढत गेला. म्हणून तिथे विकासही झाला आणि विषमताही वाढली.

त्यात एका माणसाची गोष्ट आहे, जी जियान्ये. आधी यांगझौ शहराचा प्रमुख, मग नानजिंगचा महापौर. कामाचा धडाका असा की लोक त्याला 'महापौर बुलडोझर' म्हणत. जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, शहर देखणं केलं, बढती मिळवली. त्याच वेळी शहर सजवण्याची कामं ओळखीच्या कंपनीला मिळत होती. २०१३ मध्ये तो चौकशीत अडकला आणि २०१५ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. यातून एक धडा मी घेतो. बुलडोझर वेगानं चालतो म्हणजे कायद्याचं राज्य आलं, असं होत नाही. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे कोण येतं, ते बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण तुमच्यातल्या काहींच्या मनात ती असणार. चीन हा आपला आदर्श नाही. शिनजियांगमध्ये उइगुर मुसलमानांना छावण्यांत डांबलं गेलं. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने अहवालात म्हटलं की तिथे जे झालं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. अधिकाऱ्याला गुण मिळतात ते विकासदराचे आणि शांततेचे. ज्याचं माप त्या तक्त्यात नाही, त्या माणसाचं दुःख कुणाच्या कामाचं नसतं. चीनमध्ये उइगुर उठून निवडणुकीत प्रश्न विचारू शकत नाही, कोर्टात जाऊन सरकारला अडवू शकत नाही. आपल्याकडे मत आहे, कोर्ट आहे, माहितीचा अधिकार आहे. चीनकडून शिकायचं ते मर्यादित आहे, आणि आपल्याकडे जे आहे ते गमावून तर अजिबात शिकायचं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळच्या कुदळवाडीत महापालिकेनं कारवाई केली. पालिकेच्याच आकड्यांनुसार चार हजारांवर बांधकामं पडली. भंगाराची गोदामं, पत्राशेड, छोटे वर्कशॉप. मालक आणि कामगार सगळ्या धर्मांचे होते, पण भंगाराच्या धंद्यात आपल्या लोकांची संख्या मोठी होती. बरेच जण उत्तर प्रदेशातून आलेले, वीस-पंचवीस वर्षं इथे राबलेले. चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांतून निघणारा पुठ्ठा, प्लॅस्टिक, लेथवरचा लोखंडी चुरा, जुने ड्रम हे सगळं तिथे वेगळं होऊन पुन्हा कामाला लागत होतं.

पालिकेची कारणं खोटी होती का? नाही. बांधकामं अनधिकृत होती. तिथे वारंवार आगी लागत होत्या आणि धूर आसपासच्या सोसायट्यांत जात होता. इंद्रायणीच्या पाण्याचा प्रश्न खरा आहे. कच्चं कायम कच्चंच राहिलं तर माणसं मरतात. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. कष्टकरी बायका त्यात होरपळून मेल्या. तेव्हा 'गरिबाचा धंदा आहे, हात लावू नका' एवढंच म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. गुंठ्यावरचं घर अनधिकृत होतं, तरी त्याला शिडी मिळाली : अर्ज करा, शुल्क भरा, नियमित व्हा. भंगाराच्या शेडला शिडी का नाही? इतकी वर्षं तो धंदा करड्या जागेत चालू दिला. एक दिवस त्याच जागेचा रंग लाल झाला. मधला काळा आदेश, म्हणजे 'असं करा, इथे जा, या तारखेपर्यंत', तो आलाच नाही. आंग यांच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या पायरीवरच्या माणसाकडे थेट तिसऱ्या पायरीचे कागद मागितले, आणि दुसरी पायरी बांधलीच नाही.

आपल्याच देशात दुसऱ्या पायरीचा एक चांगला नमुना आहे. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा. त्यात आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, मग जागा असा क्रम आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. शहर फेरीवाला समितीत ४० टक्के जागा खुद्द विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या. अंमलबजावणी रडतखडत आहे, पण कायदा आहे. भजीची गाडी लावणाऱ्याला तो लागू होतो, भंगार वेगळं करणाऱ्याला नाही.

यात आपल्या समाजाचा वेगळा प्रश्न गुंतलेला आहे. २००६ च्या सच्चर समितीनं नोंदवलं की मुस्लिमांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि बँकेचं कर्ज मिळण्याचं प्रमाण कमी. म्हणजे आपले लोक पहिल्या पायरीवर जास्त संख्येनं उभे आहेत. पहिली पायरी पाडली गेली की फटका आपल्याला जास्त बसतो. हे कुणी मुद्दाम केलं की नाही, या वादात मी आज शिरत नाही. शिडी नसेल तर परिणाम तोच होतो.

मग करायचं काय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, आपल्या घरातल्या धंद्याचे कागद. शॉप ॲक्ट, उद्यम नोंदणी, गरज असेल तिथे जीएसटी. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. एजंट हजार रुपये मागतो, ते देऊ नका. तुमच्यातला कॉलेजचा कुठलाही मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर ती करू शकते. पण गैरसमज नको : या नोंदणीनं धंदा कागदावर येतो, जागा अधिकृत होत नाही. शेडवर कारवाई आली तर हा कागद शेड वाचवत नाही. तरीही कर्ज मागताना आणि 'आम्ही इतकी वर्षं इथे धंदा करतोय' हे दाखवताना तो लागतो. जागेचा भाडेकरार, वीजबिल, कर भरल्याच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. कुणाच्या चाचांची, मामूंची फाइल पिशवीत कोंबलेली असेल, तर आजच घरी जाऊन ती नीट करा.

दुसरी, स्वतःहून एक पायरी वर चढा. आग विझवायची सोय, वायरिंगची तपासणी, तेल-रसायनाचे ड्रम वेगळे ठेवणं, शेडमध्ये कामगारांना झोपू न देणं. यासाठी नोटिसीची वाट बघायची नाही. एकट्याला परवडत नसेल तर दहा जणांनी मिळून करा. आणि संघटना करायची तर धंद्याची करा, धर्माची नको. पत्र्याच्या शेडमध्ये मराठा आहे, बौद्ध आहे, बिहारी आहे, आपण आहोत. आगीचा धोका आणि नोटीस सगळ्यांना सारखीच आहे.

तिसरी, मागणी नेमकी करा. 'कारवाई थांबवा' ही मागणी पुरत नाही, आणि सोसायटीत राहणाऱ्या शेजाऱ्याला ती पटणारही नाही. मागणी अशी हवी : सर्वेक्षण करा, भंगार आणि पुनर्वापराच्या धंद्यासाठी जागा राखा, तिथे पाणी-अग्निशमनाची सोय करा, भाडं घ्या, स्थलांतराची तारीख द्या, आणि त्या तारखेनंतर जो नियम मोडेल त्याच्यावर खुशाल कारवाई करा. आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचं पुढे काय होतंय, याची माहिती अधिकारात मागणी करत राहा. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा आपल्यातले किती जण लिहून देतात? पुढच्या वेळी या खोलीतल्या प्रत्येकानं एक तरी लिहून द्यावी.

शेवटी परत आमच्या घराकडे येतो. अब्बा गेले. गुंठेवारीचा अर्ज भावानं केला आहे, फाइल सरकते आहे. ते घर पक्कं झालं ते एका दिवसात नाही. आधी पत्रा होता, मग स्लॅब, मग वीज मीटर, मग घरपट्टी, आता नकाशा. प्रत्येक पायरीला कुणीतरी 'ठीक आहे, पुढे या' म्हटलं म्हणून आम्ही इथवर आलो. कुदळवाडीतल्या माणसाला तेवढं कुणी म्हटलं नाही. आपण ते म्हणायला लावू शकतो का, हा प्रश्न मी तुमच्याकडे देऊन थांबतो.

आता प्रश्न विचारा.